पुनर्विकासाची तीन वर्षं आणि बिनघराची बुलेट

प्रश्न असा आला आहे: "नारायण पेठेतली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जातेय. बिल्डर भाडं देणार आहे, पण कर्वेनगरला जो फ्लॅट मिळालाय तिथे एकच दुचाकी लावता येते आणि ती जागा रोजच्या स्कूटरला लागणार. उरतात दोन गाड्या. एक वडिलांची १९८६ ची बुलेट आणि दुसरी माझी चार वर्षांची टूरिंगची मोटरसायकल. वडील आता नाहीत, बुलेट अजून त्यांच्याच नावावर आहे. ती वर्षात कधीतरी निघते, दुसरी महिन्यातून एकदोनदा. रस्त्यावर ठेवायच्या नाहीत. तीन वर्षं कुठे ठेवू?"

दोन्हींसाठी मिळून एक जागा शोधताय, तिथेच अडकाल. या दोन गाड्यांची दुखणी वेगळी आहेत. टूरिंगच्या गाडीला रविवारी पहाटे पाच वाजता कुणाची झोप न मोडता बाहेर काढता आलं पाहिजे. तिचा पूर्ण विमा चालू असेल तर ती गेलीच तरी निदान पैसे मिळतील. बुलेटचं तसं नाही. इतक्या जुन्या गाडीला चोरीचं संरक्षण देणारा विमा सहसा मिळत नाही, तुमच्याकडेही फक्त थर्ड पार्टीच असणार. ती गेली तर हाती शून्य, आणि तिचे मूळ भाग बाजारात पुन्हा मिळतील ही आशा ठेवू नका. म्हणून चांगली, कोरडी, कुलूपबंद जागा बुलेटला आणि सोयीची जागा दुसरीला. माझ्या गॅरेजवर येणारी बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात. चकचकीत गाडी भाड्याच्या पार्किंगमध्ये जाते आणि जुनी गाडी गावाकडे मामाच्या गोठ्याशेजारी.

जागेच्या आधी कागद बघा. वडिलांच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती सोबत लागते. नियमाप्रमाणे हे तीन महिन्यांत व्हायला हवं. उशीर झाला असेल तर दंड भरून करा, पण करा. मृत माणसाच्या नावावरची गाडी चोरीला गेली, जळाली किंवा तुमच्या मागे कुणी चालवून अपघात केला, तर पोलीस आणि विमा कंपनी दोघांपुढे तुमचा हक्क सिद्ध करण्यातच वर्ष जाईल. दुसरं म्हणजे नोंदणीची मुदत. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची आणि पुढे पाच-पाच वर्षांची असते. १९८६ ची गाडी म्हणजे २००१, २००६ असं करत ती साखळी २०२६ ला येते. नूतनीकरणाला गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. टाकी रिकामी करून, बॅटरी काढून, गाडी आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवायची आणि मग मुदत संपतेय हे लक्षात यायचं, हा उद्योग टाळा. आरसीवरची तारीख आजच बघा.

टूरिंगच्या गाडीच्या विम्यात एक मेख आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे "माझा पाच वर्षांचा विमा आहे" असं लोक छातीठोक सांगतात. पण चोरी, आग आणि पूर ज्यात येतात तो ओन डॅमेजचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो आणि तो पहिल्या वर्षानंतर गुपचूप संपलेला असतो. आता फक्त तो भाग वेगळा घेता येतो. गाडी उभी राहणार म्हणून विमा बंद करण्याचा मोह होईल. तसं करू नका, उभ्या गाडीलाच चोरी, पाणी आणि आग गाठते. शिवाय खंड ९० दिवसांपेक्षा जास्त पडला की साठलेला नो क्लेम बोनसही जातो.

रस्त्यावर ठेवायच्या नाहीत हे बरोबरच आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. पेठेत सम-विषम तारखांचं पार्किंग पाळायचं म्हणजे रोज गाडी हलवायला माणूस हवा. महिनाभर न हललेल्या, धुळीनं माखलेल्या गाडीवर एक दिवस बेवारस वाहनाची नोटीस चिकटते.

आता मूळ मुद्दा, जागा कुठे मिळते. माझा अनुभव असा की पुण्यात दुचाकीसाठी उत्तम जागा जाहिरातीत कधीच येत नाही. ती प्रभात रोड, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, सहकारनगर इथल्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये असते. आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलं परदेशात, कार विकलेली आणि पोर्चमध्ये कुंड्या. अशा घरांचा पत्ता इस्त्रीवाला, पेपरवाला, दूधवाला आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूस यांना ठाऊक असतो. त्यांना सांगून ठेवा. कर्वेनगरपासून एरंडवणं फार लांब नाही, म्हणजे येणं-जाणंही जमेल.

तिथे गेल्यावर भाड्याचा आकडा शेवटी काढा. मालकांच्या मनात वेगळ्याच तीन शंका असतात. हा माणूस जागा बळकावेल का, वेळी-अवेळी अनोळखी लोक घेऊन येईल का, आणि शहाबादी फरशीवर ऑइल सांडेल का. तिसरी शंका तर अगदी खरी आहे, कारण जुनी बुलेट ऑइल गाळत नसेल तर आधी त्यात ऑइल आहे का ते बघावं. एक पत्र्याचा ट्रे स्वतः घेऊन जा आणि इंजिनखाली ठेवतो म्हणून सांगा. यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करीन, संध्याकाळी आठनंतर येणार नाही, हे आपणहून म्हणा. मग एका कागदावर चार ओळी लिहा: गाडीचा नंबर, जागा फक्त ही गाडी उभी करण्यासाठी, मुदत अकरा महिने, एक महिन्याच्या सूचनेवर गाडी हलवीन. सोबत आरसी आणि आधारची प्रत द्या. भाडं रोख न देता खात्यावर पाठवा, म्हणजे दोघांकडे नोंद राहते. आजोबांना असा कागद दिसला की त्यांचा अर्धा विरोध मावळतो. आणि मग तेच रोज सकाळी फुलं तोडताना तुमच्या गाडीवर नजर टाकतात, हे कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा भारी. बुलेटला मी अशीच जागा बघेन, पण उघडं पोर्च नको. आउटहाउस किंवा दार असलेलं जुनं गॅरेज मिळालं तरच.

शेजारच्या सोसायटीत कुणी "माझं पार्किंग घ्या" म्हणालं तर जरा थांबा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट केलं की स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणजे बऱ्याच इमारतींत "माझं पार्किंग" म्हणणाऱ्याकडे सोसायटीनं वापरायला दिलेली जागा असते, आणि ती बाहेरच्याला परस्पर भाड्यानं देणं उपविधींत बसत नाही. चार महिने सगळं सुरळीत चालतं, मग वार्षिक सभेत कुणीतरी विषय काढतं आणि तुमच्या गाडीला वॉचमन साखळी घालतो. सेक्रेटरीचं लेखी पत्र मिळत असेल तर घ्या, नाहीतर सोडा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकच दुचाकी मिळते म्हणालात, तिथेही एक प्रयत्न करून बघा. एखाद्या सभासदाला सोसायटीनं कारची जागा दिलेली असते आणि त्याच्याकडे कार नसते. कारची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. त्यात तीन-चार दुचाकी आरामात मावतात. तुम्ही त्याच इमारतीत राहता, त्यामुळे कमिटीला परवानगी देणं सोपं जातं. इमारतीतल्या आणखी एकदोन गाडीवेड्यांना बरोबर घ्या आणि भाडं वाटून घ्या. टूरिंगच्या गाडीसाठी याहून सोयीचं काही नाही.

सार्वजनिक वाहनतळांबद्दल थोडक्यात सांगतो. मंडईतलं मिसाळ किंवा आर्यन, नारायण पेठेतला हमालवाडा ही ठिकाणं दिवसाच्या कामासाठी आहेत. तिथे तीन वर्षं गाडी ठेवायचा विचारही नको. रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गाड्यांच्या रांगा बघा, सीट फाटलेल्या, आरसे गेलेले. बाहेरगावी जाताना दोन रात्री ठीक.

दुकानाचा गाळा किंवा गोडाऊन चांगला पर्याय असतो. ओळखीच्या व्यापाऱ्याचा मागचा भाग, रात्री शटर बंद. फक्त आत काय माल आहे ते बघा. रंग, थिनर, फटाके, कापूस, फोम यांच्याजवळ पेट्रोल भरलेली गाडी ठेवू नये आणि त्या व्यापाऱ्यानंही ठेवू देऊ नये. सामान साठवणाऱ्या कंपन्याही दुचाकी घेतात. त्या बहुधा टाकी रिकामी करायला आणि बॅटरी सोडवायला सांगतात, फोटो काढून यादी करतात. बंगला मिळाला नाही तर बुलेटसाठी हा मार्ग चालेल, पण करारातलं नुकसानभरपाईच्या मर्यादेचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. काही ठिकाणी ती मर्यादा भाड्याच्या काही पटीत असते, गाडीच्या किमतीशी तिचा संबंध नसतो.

आणि आमच्यासारखी गॅरेजं. माझ्या शेडमध्येही गिऱ्हाइकांच्या चार-पाच गाड्या असतात, म्हणून सांगतो: गॅरेजवाल्याला काय विचारायचं ते माहीत असेल तरच गाडी तिथे ठेवा. पोरं गाडी ट्रायलला नेतात का? रात्री शेडमध्ये कोण झोपतं? वेल्डिंग कुठे चालतं? माझ्या गाडीचा एखादा भाग दुसऱ्याला तात्पुरता लावला जाणार नाही याची हमी काय? शेवटचा प्रश्न विचारल्यावर मेकॅनिक हसला तर गाडी घेऊन परत या. ठेवणार असाल तर ओडोमीटरचा, चासी नंबरचा, इंजिन नंबरचा, कार्बोरेटरचा आणि मॅग्नेटोच्या बाजूचा फोटो त्याच्यासमोर काढा.

किल्लीचा विषय सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुम्ही नुसती जागा भाड्यानं घेतलीत आणि किल्ली तुमच्या खिशात आहे, तर गाडीची जबाबदारी मुख्यतः तुमची. गाडी किल्लीसकट दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि त्यानं पावती दिली, तर भारतीय करार कायद्यातल्या कलम १४८ आणि १५१ प्रमाणे एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्यानं घ्यायला हवी. २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पावतीवर "मालकाच्या जबाबदारीवर" छापलं म्हणून व्हॅलेकडे सोपवलेली गाडी गेल्यावर हॉटेलला हात झटकता येत नाहीत. हे ऐकून किल्ली देऊन टाकू नका. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक किल्ली चार लोकांच्या हाताखालून गेलेली असली तर निष्काळजीपणाचा आक्षेप येतो. माझा नियम असा की ज्या जागी गाडी हलवण्यासाठी किल्ली मागतात किंवा "हँडल लॉक करू नका, आम्हाला सरकवावी लागते" म्हणतात, ती जागा लांबच्या मुक्कामासाठी नापास. चोरी झालीच तर त्याच दिवशी गुन्हा नोंदवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तपास लागला नाही तर पोलिसांकडून होणाऱ्या "अ समरी"चा कागद दाव्याला लागतो. तो मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

चोरीच्या भीतीपोटी लोक पाण्याला विसरतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात गाड्या वाहून गेल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घुसलं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रात लावलेल्या गाड्यांसाठी धावपळ होते, हे दर पावसाळ्याचं आहे. जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ते बघा. तळघर असेल तर पंप कुठे आहे आणि वीज गेल्यावर तो कशावर चालतो ते विचारा. ओढा किती लांब आहे हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. कर्वेनगरचा काही भाग नदीकडे उतरतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आगीचंही तसंच. जून २०१५ मध्ये सिंहगड रस्त्यावर एका रात्रीत सोसायट्यांमधल्या कितीतरी दुचाकी पेटवून दिल्या गेल्या. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या गाड्यांत एक पेटली की रांग जाते. म्हणून जिन्याखाली किंवा मीटरच्या पेटीजवळ गाडी कधीच लावायची नाही. तिथे लागलेली आग वरच्या लोकांची वाट अडवते.

कुलपांबद्दल फार वेळ घालवत नाही. हँडल लॉक जोरदार हिसक्यानं तुटतं, त्याच्यावर विसंबू नका. डिस्क लॉकनं चाक फिरत नाही, पण दोघं मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकू शकतात. खरा उपयोग गाडी जमिनीला किंवा भिंतीला बांधण्याचा. कडक पोलादाची जाड साखळी, शक्यतो १२ मिलिमीटरच्या वरची, मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन काँक्रीटमध्ये बसवलेल्या कडीला लावा. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, कारण जमिनीवर टेकलेला साखळीचा दुवा घणानं फोडता येतो. ग्राइंडरपुढे सगळंच कापलं जातं. पण ग्राइंडरचा आवाज होतो, आणि म्हणूनच कुणीतरी झोपत असलेल्या घराचं पोर्च एकाकी गोडाऊनपेक्षा बरं. जीपीएस ट्रॅकर टूरिंगच्या गाडीला लावा, पण तो बॅटरी खातो आणि तळघरात त्याला रेंज मिळत नाही.

बुलेट झोपवताना इंजिन ऑइल आधी बदला, जुनं काळं ऑइल आत ठेवून वर्षभर उभी करू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवली तरी चालते. वर्षाच्या हिशेबानं मात्र टाकी पूर्ण रिकामी करायची, आत थोडं इंजिन ऑइल टाकून गाडी हलवून सगळीकडे फिरवायचं आणि कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठणारी खालची वाटी) काढून कोरडा करायचा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका आणि दोन-तीन वेळा हळूच किक मारा. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. ती १२ व्होल्टची असेल तर मीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसू देऊ नका. मेन स्टँडवर ठेवा म्हणजे निदान एक टायर हवेत राहतो. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, नाहीतर उंदीर आत घर करतील. हँडलवर एक लाल चिंधी बांधा, बोळा काढायची आठवण राहते. झाकायला सुती चादर वापरा. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात आत घाम धरतं आणि क्रोमवर गंजाचे ठिपके येतात.

दर आठवड्याला जाऊन पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करायची सवय चांगली समजली जाते. ती वाईट आहे. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि आतून गंजतो. चालवायची तर वीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाहीतर इंजिनला हात लावू नका. नुसतं जाऊन चाकं थोडी फिरवा, टायरची हवा बघा, तारा कुरतडल्या आहेत का ते बघा आणि आजींशी दोन मिनिटं बोलून या.

बुलेट गावी पाठवायचा विचार मनात आला असेलच. घाटावरचं कोरडं गाव असेल आणि घरात रोज वावरणारं माणूस असेल तर हरकत नाही. कोकणात मात्र नको, तिथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात स्पोकपासून सुरुवात होते.

शेवटी एक काम, जे घर रिकामं करण्याआधीच करायचं आहे. नव्या इमारतीच्या तुमच्या करारात दुचाकीच्या जागेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. नियमात दुचाकीच्या जागेचं माप एक मीटर बाय दोन मीटर धरतात, आणि बुलेटची लांबीच दोन मीटरच्या वर जाते. पेठेतल्या लहान प्लॉटवर बिल्डर कारसाठी यांत्रिक पार्किंग लावतो आणि दुचाकी उरलेल्या कोपऱ्यात ढकलतो. तुमच्या नावावर किती दुचाकी, कुठल्या मजल्यावर आणि कोणत्या मापाच्या जागेत हे नकाशावर खूण करून करारात घालून घ्या. सह्या झाल्या असतील तर सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र द्या आणि पोच घ्या. आत्ता तो ऐकेल, ताबा देताना ऐकणार नाही.